वाचकांचे प्रश्न : गेलेल्या कलावंतांची नोंद कोणी ठेवायची?

2025 च्या ऑगस्टचा दुसरा पंधरवडा मराठी प्रेक्षकांना फार जड गेला. 16 तारखेला ज्योती चांदेकर गेल्या, 18 ला अच्युत पोतदार, गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 28 ला, बाळ कर्वे आणि 31 ला, वयाच्या अवघ्या 38 व्या वर्षी, प्रिया मराठे. पुढे ऑक्टोबरात संध्या शांताराम यांच्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला दया डोंगरे यांच्या निधनाची बातमी आली. तेव्हापासून या सदराकडे येणारी बरीच पत्रे याच विषयावरची आहेत. केवळ शोक व्यक्त करणारी पत्रे आम्ही आदराने जपून ठेवली आहेत. ज्यांना काही विचारायचे आहे, त्यांची पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : बाळ कर्वे गेल्याची बातमी बहुतेक ठिकाणी ‘गुंड्याभाऊ गेले’ अशीच आली. मी त्यांना रंगभूमीवर पाहिलेले आहे. एवढ्या दीर्घ आयुष्याचे सारे काम एका भूमिकेत बसवणे आपल्याला योग्य वाटते का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : एका भूमिकेमुळे ओळखले जाण्यात नटाचा अपमान आहे, असे मला वाटत नाही. विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांच्या कथांतला गुंड्याभाऊ वाचकांच्या मनात आधीच ठाण मांडून बसलेला होता. प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचा चेहरा आणि आवाज ठरवून टाकलेला होता, आणि असे पात्र उभे करताना नटाला वाचकांच्या कल्पनेशीच सामना करावा लागतो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात या कथांवरच्या मालिकेतून दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले. आज त्या कथांचे पुस्तक उघडले, तर गुंड्याभाऊच्या जागी कर्वेच दिसतात. लेखकाच्या पात्रावर नटाची एवढी मोहोर उमटणे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आपली तक्रार खरी आहे ती बातमी तेथेच थांबल्याबद्दल. 25 ऑगस्ट 1930 रोजी जन्मलेले कर्वे पंच्याण्णव वर्षे पूर्ण करून तीन दिवसांनी गेले. ते स्थापत्य अभियंता होते आणि मुंबई महापालिकेत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. ‘रथचक्र’, ‘तांदूळ निवडता निवडता’, ‘कुसुम मनोहर लेले’, ‘आई रिटायर होते’ ही नाटके आणि ‘जैत रे जैत’सारखा चित्रपट त्यांनी ही नोकरी सांभाळून किंवा ती संपल्यावर केला. मुंबईच्या मराठी रंगभूमीचा इतिहास लिहायचा, तर तो महापालिका, बँका, विमा कंपन्या, बेस्ट आणि टपाल खात्याच्या कचेऱ्यांतून सुरू करावा लागेल. सकाळी मस्टरवर सही, संध्याकाळी तालीम, रविवारी दोन प्रयोग आणि सोमवारी पुन्हा वेळेवर हजेरी, अशा शिस्तीत या शहराने नट घडवले. कार्यालयांच्या नाट्यस्पर्धा हेच अनेकांचे नाट्यशिक्षण होते. बातमीत हे आले असते, तर नव्या वाचकाला एका माणसाबरोबर एका शहराचीही ओळख झाली असती.

आणखी एक अडचण आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चित्रफिती महाग होत्या, त्यामुळे जुने चित्रमुद्रण पुसून त्याच फितीवर नवे करण्याची पद्धत होती आणि पुष्कळ कार्यक्रम त्यात कायमचे गेले. नाटकांचे तर बहुतेक वेळा मुद्रणच झाले नाही. म्हणून माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की, आपण जे पाहिले ते लिहून काढावे. ‘अभिनय अप्रतिम होता’ असे लिहून भावी वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. नाटक कोणते, नाट्यगृह कोणते, साधारण कोणत्या वर्षी, सोबत कोण होते, कोणत्या वाक्याला प्रेक्षक हसले, कोणत्या प्रसंगी नट नुसता उभा राहिला आणि तरी नजर त्याच्यावरच राहिली, हे जेवढे आठवेल तेवढे लिहावे. वर्ष नक्की नसेल, तर ‘मुलीच्या दहावीच्या आदल्या वर्षी’ असे लिहिले तरी चालते, कारण त्यावरून पुढे तारीख शोधता येते.

प्रश्न : अच्युत पोतदार यांचे निधन झाल्यावर माझ्या महाविद्यालयातल्या सगळ्यांनी ‘थ्री इडियट्स’मधल्या त्यांच्या ‘कहना क्या चाहते हो’ या एका वाक्याचे विनोदी चित्र स्टेटसला ठेवले. माझ्या आजोबांना ते अजिबात आवडले नाही. यात चूक आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : चूक नाही, पण आजोबांना काय खुपले तेही समजून घ्यावे. 2009 च्या त्या चित्रपटातला तो प्रसंग पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहा. वर्गाबाहेर काढलेला विद्यार्थी विसरलेली वस्तू घ्यायला परत येतो आणि ‘पुस्तक’ हा साधा शब्द न वापरता त्याची लांबलचक व्याख्या ऐकवतो. त्या वेळी पोतदार हशा मिळवण्यासाठी काहीही करत नाहीत. त्यांचे प्राध्यापक खरोखरच गोंधळलेले आहेत, थोडे वैतागलेले आहेत आणि त्यांना मनापासून उत्तर हवे आहे. विद्यार्थी हसतो, प्रेक्षक हसतात. प्राध्यापक मात्र हसत नाहीत. विनोद उभा राहतो तो या गांभीर्यावर, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही ते वाक्य शिळे झालेले नाही.

आजोबांना माहीत असलेले पोतदार यापेक्षा मोठे आहेत. सैन्यात कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचून ते 1967 मध्ये बाहेर पडले, त्यानंतर जवळपास 25 वर्षे इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली आणि ती करत असतानाच ‘आक्रोश’, ‘अर्ध सत्य’ या चित्रपटांत दिसले. निवृत्तीनंतर, ज्या वयात बहुतेक माणसे कामाचा पसारा आवरतात, त्या वयात त्यांचा कामाचा पसारा वाढला, आणि नव्वदीकडे झुकलेले असताना ‘माझा होशील ना’ या मालिकेतले अप्पाही त्यांनी केले. ते चित्र खुशाल ठेवा, फक्त त्याखाली त्यांचे पूर्ण नाव लिहा. ज्यांना तो चेहरा माहीत आहे पण नाव माहीत नाही, अशांची संख्या फार मोठी आहे.

प्रश्न : ‘मोरूची मावशी’मध्ये मावशी प्रदीप पटवर्धन करत असत की विजय चव्हाण? आमच्या घरी यावरून वाद आहे. — एक वाचक, भांडुप

उत्तर : मावशी विजय चव्हाण यांची. पटवर्धन त्याच नाटकात दुसऱ्या भूमिकेत होते, म्हणून गल्लत होते. चव्हाण 24 ऑगस्ट 2018 रोजी आणि पटवर्धन 9 ऑगस्ट 2022 रोजी गेले.

प्रश्न : माझा जन्म गिरगावातला. लावणी गायिका सुलोचना चव्हाण आमच्या भागातल्याच, फणसवाडीतल्या. त्यांना जाऊन काही वर्षे झाली. माझी नात शास्त्रीय गाणे शिकते, पण लावणी म्हणजे केवळ नाच आणि शिट्ट्या, असा तिचा समज आहे. तिला त्यांच्याबद्दल काय सांगावे? — एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण सुलोचनाबाईंविषयी लिहायची संधी मी शोधतच असते.

नातीला आधी हे सांगा की, 13 मार्च 1933 रोजी जन्मलेल्या या बाई सुलोचना कदम या नावाने लहानपणापासून हिंदी चित्रपटांत गात होत्या आणि लावणी त्यांच्याकडे नंतर आली. आचार्य अत्रे यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले आणि ते बिरुद जन्मभर टिकले. 1962 च्या ‘रंगल्या रात्री अशा’पासून त्यांचा हा आवाज मराठी चित्रपटात रुजला. 1964 च्या ‘सवाल माझा ऐका’मधले ‘सोळावं वरीस धोक्याचं’ जगदीश खेबुडकरांनी लिहिले, वसंत पवारांनी त्याला चाल दिली, पडद्यावर जयश्री गडकर होत्या. पण ते गाणे नुसते ऐकले तरी नाच दिसतो, याचे श्रेय गाणाऱ्या गळ्याचे आहे.

नातीला शेजारी बसवून ते गाणे ऐकवा आणि तीन गोष्टींकडे तिचे लक्ष वेधा. पहिली म्हणजे व्यंजने. शास्त्रीय गाणाऱ्याचा ओढा स्वराकडे असतो आणि शब्द त्यात विरघळतात. सुलोचनाबाई शब्द फेकतात. ‘धोक्याचं’मधला ‘ध’ असा काही पडतो की, त्यापुढचा स्वर आपोआप ठसक्यात येतो. दुसरी गोष्ट श्वासाची. ढोलकीची थाप आणि शब्द यांच्यामध्ये त्या किंचित थांबतात; त्या अर्ध्या क्षणात ऐकणाऱ्याचे कान टवकारतात आणि मग शब्द येतो. तिसरी गोष्ट म्हणजे आवाजातले हसू. त्या कोठेही खरोखर हसत नाहीत, पण ओळ संपताना सूर जरा वर उचलला जातो आणि खट्याळपणा कळतो. या तीन गोष्टी एकाच वेळी, तालात आणि सुरात करायला काय लागते, हे गाणे शिकणाऱ्या मुलीला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. एक ओळ तिला म्हणून पाहायला सांगा, म्हणजे पुरे.

त्यानंतर तिला त्यांच्या कार्यक्रमाचे एखादे चित्रीकरण दाखवा. साधी साडी, डोक्यावरून पदर, एका जागी उभ्या, हातही फारसे हलत नाहीत. नृत्य, नखरा, नजर हे सारे त्यांनी गळ्यावर सोपवले होते. त्यांचे पती श्यामराव चव्हाण हे चित्रपट दिग्दर्शक. शब्दाचा भाव कसा काढायचा, हे त्यांनी शिकवल्याचे बाई सांगत. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला, आपल्या फणसवाडीतच, त्या गेल्या. हा सन्मान बराच आधी मिळायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. लावणीकडे पाहण्याची आपली पांढरपेशी नजर या उशिराला कारणीभूत होती, आणि नातीच्या मनातला समज त्याच नजरेतून आलेला आहे.

प्रश्न : आमच्या चाळीच्या मंडळाला दिवंगत विनोदी नटांच्या स्मरणार्थ एक संध्याकाळ करायची आहे. ‘मोरूची मावशी’मधला एक प्रवेश सादर करावा, असे मुलांच्या मनात आहे. परवानगी लागते का? आणि कार्यक्रम कंटाळवाणा होऊ नये म्हणून काय करावे? — मंडळाचे एक कार्यकर्ते, लालबाग

उत्तर : लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो आणि ही साठ वर्षे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. ‘मोरूची मावशी’चे लेखक आचार्य अत्रे 13 जून 1969 रोजी गेले. म्हणजे त्यांच्या नाटकावरील हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. मात्र हौशी मंडळींनी, तिकीट न लावता, प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. आपला कार्यक्रम असाच असेल, तर प्रवेश करायला अडचण नाही. त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकणे ही वेगळी बाब आहे. त्यासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. सवलत असली तरी नाटककाराचे नाव फलकावर ठळक लिहावे, हे सांगायला नकोच.

कार्यक्रमाविषयी सांगायचे, तर दहा नटांना दहा मिनिटे देण्यापेक्षा दोघांनाच पुरेसा वेळ द्यावा. भाषणे ठेवायची असतील, तर ती ज्यांनी त्या नटाबरोबर काम केले आहे त्यांचीच ठेवावीत. लालबाग-परळ हा गिरणगाव आहे. नाटकाच्या मंडळींना चहा देणारे, नेपथ्याचे ट्रक चालवणारे, प्रकाशयोजनेची पेटी उचलणारे, बुकिंगच्या खिडकीवर बसलेले लोक आपल्याच वाडीत सापडतील. विनोदी नट विंगेत कसा वागतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. हारतुऱ्यांचा खर्च टाळून त्यांना सन्मानाने बोलवावे आणि ते बोलतील ते सगळे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

प्रश्न : ज्येष्ठ कलाकार गेल्याचा संदेश माझ्या आईने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली आणि तासाभराने कळले की ते जिवंत आहेत. हे टाळायचे कसे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आईंना दोष देऊ नये, या सापळ्यात मोठमोठी माध्यमेही अडकली आहेत. विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात असताना 23 नोव्हेंबर 2022 च्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी पसरली आणि कुटुंबीयांना ती खोटी असल्याचे सांगावे लागले. ते गेले 26 तारखेला. धर्मेंद्र यांच्याबाबत 11 नोव्हेंबर 2025 रोजी हेच घडले, पत्नी आणि मुलीला जाहीर खुलासा करावा लागला, आणि त्यांचे निधन झाले 24 तारखेला. रुग्णालयाच्या दाराशी बसलेल्या माणसांना, आत श्वास चालू असताना, फोनवर सांत्वन ऐकावे लागणे यासारखी क्रूर गोष्ट नाही.

बातमीत कुटुंबीयांचे किंवा रुग्णालयाचे निवेदन नावानिशी आहे का, ते पाहावे. ‘सूत्रांनुसार’ असे असेल, तर थांबावे. श्रद्धांजली दोन तास उशिरा वाहिल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

प्रश्न : वडील हौशी नट होते. त्यांच्या मागे एक ट्रंक राहिली आहे : नाटकांची हँडबिले, तिकिटांची अर्धुके, वर्तमानपत्रांतील जाहिरातींची कात्रणे, पुढे प्रसिद्ध झालेल्या काही नटांबरोबरची छायाचित्रे आणि तालमींच्या ध्वनिफिती. घर लहान आहे, पुनर्विकासात भाड्याच्या जागेत जायचे आहे. हे रद्दीत देणे जिवावर येते. काय करावे? — एक वाचक, दादर

उत्तर : कृपा करून रद्दीत देऊ नये. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि आज त्याचाही केवळ काही भाग उरला आहे. मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट पूर्णपणे नाहीसे झाले. चित्रपटाची ही गत, तर नाटकाच्या प्रयोगाचा पुरावा म्हणून हँडबिल आणि जाहिरात यांशिवाय दुसरे काय राहते? जाहिरातीच्या एका कात्रणावरून प्रयोगाची तारीख, नाट्यगृह, नटसंच आणि तिकिटाचा दर कळतो.

मुंबईच्या दमट हवेत कागदाचे पहिले शत्रू म्हणजे ओल आणि चिकटपट्टी. कात्रणे लॅमिनेट करू नयेत, वहीत डिंकाने चिकटवू नयेत, टाचण्या व स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात, कारण त्या गंजतात. प्रत्येक कागद आम्लविरहित पाकिटात, ते न मिळाल्यास निदान दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या बदलाव्यात. छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. बॉलपेन वापरू नये, त्याचा व्रण पुढच्या बाजूला उठतो. ध्वनिफितींवर बुरशीचे पांढरे डाग दिसत असतील, तर त्या घरच्या टेपरेकॉर्डरवर लावू नयेत, फीत तुटते आणि यंत्रही बिघडते. त्या जाणकाराकडून स्वच्छ करून डिजिटल करून घ्याव्यात. सगळ्यात आधी हेच काम करावे, कारण कागद आणखी काही वर्षे थांबेल, फीत थांबणार नाही.

सर्व वस्तूंची यादी करून मोबाइलवर प्रत्येकीचे छायाचित्र घ्यावे. ती यादी घेऊन 1898 मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघ यांच्याकडे विचारणा करता येईल. चित्रपटविषयक काही असेल, तर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे 1964 पासून हेच काम करते, किंवा मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना पत्र लिहावे. संस्थेने वस्तू स्वीकारल्यास लेखी पोच घ्यावी आणि वडिलांचे नाव नोंदीत राहील, असे पाहावे.

प्रश्न : आमच्या शेजारी एक निवृत्त रंगभूषाकार राहतात. पूर्वी दिवंगत नटांच्या गोष्टी रंगवून सांगत. आता नावे विसरतात, मध्येच गप्प होतात. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात असे वाटते, पण त्यांना त्रास होईल का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी त्यांच्या घरच्यांना विचारावे आणि मग त्यांना स्वतःला. अभिनेत्री सीमा देव यांना अल्झायमर झाल्याचे त्यांच्या मुलाने 2020 मध्ये सांगितले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल की, ‘जगाच्या पाठीवर’पासूनच्या त्यांच्या आठवणी कोणीतरी वेळेवर सविस्तर विचारून ठेवायला हव्या होत्या. त्या 24 ऑगस्ट 2023 रोजी गेल्या. त्यांचे पती रमेश देव त्यांच्या आधी दीड वर्ष.

सकाळची वेळ घ्यावी, अर्ध्या तासाहून अधिक बसू नये. ‘ते साल कोणते?’ असे विचारू नये. न आठवल्याची लाज वाटून माणूस मिटतो. त्याऐवजी हातात काहीतरी द्यावे : जुना फोटो, रंगाची डबी, दाढीमिशा चिकटवायचा स्पिरिट गम. हाताला जे आठवते ते तोंडाला नंतर आठवते. दाढी आधी लावत की टोप आधी बसवत, कोणता नट आरशासमोर बोलत नसे, कोण रंग लावताना संवाद म्हणत असे, मध्यंतरात घाम टिपायला कोणाकडे जावे लागे, असे कामाचे प्रश्न विचारावेत. ते चुकले तर दुरुस्त करू नये. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी वेगळी सांगितली, तर दोन्ही ठेवाव्यात. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला आपण स्वतः तारीख, ठिकाण आणि त्यांचे नाव मोठ्याने सांगावे, आणि त्याच दिवशी त्याची एक प्रत त्यांच्या घरी द्यावी.